सरळ रेघेच्या पुढे

फिरतीवर निघालो की अमरावतीहून जाताना मी अकोल्याला एका चित्रकार मित्राकडे थांबतो. चित्रं सोडून तो आता रंगीत काचा कापतो आणि पितळी पट्ट्यांत बसवून लोकांच्या खिडक्या सजवतो. खोलीत दोन खुर्च्या आहेत, दोन्हींवर काचा. पाहुण्यानं उभंच राहायचं. मी दर खेपेला "शिकव" म्हणतो आणि तो दर खेपेला सरळ रेघेपासून सुरू करतो.

"गोलाई कधी शिकवशीन बे?"

"पयले सरळ काप. कटर एकाच बार फिरवायचं. मांगं आला का काच बिघडते."

एवढं बोलून तो चहाकडे वळतो. ग्लास हल्ली तो टेबलावरून उचलत नाही, वाकून त्यालाच ओठ लावतो. कलाकाराची तऱ्हा, असं मी समजलो होतो.

परवा गेलो तेव्हा मी इतका दमलो होतो की शिकायचं नावही काढलं नाही. त्यानंच एक निळी काच पुढ्यात सरकवली. तिच्यावर वेलीचं वळण आखलेलं होतं.

"हे त गिऱ्हाइकाचं काम आहे!"

"हो. तूच काप."

इतक्या वर्षांनी बढती मिळाली म्हणून मी सुखावलो. कटर हातात घेतलं. काच सरकू नये म्हणून त्यानं कोपऱ्यावर बोटं टेकवली, तशी काच टेबलावर बारीक वाजायला लागली.

मी वर पाहिलं. त्यानं हात काढून खिशात घातला.

"मायाकडे कावून पाहून राहिला?" तो म्हणाला. "काचेकडे पाय."