बनुबाईची दुरपदा

आमच्या गावात अमेरिकेची मास्तरीण येणार हे ठरलं, तेव्हा ती बनुबाई झंजाडच्या घरी राहील असं कुणालाच वाटलं नव्हतं. बनुबाईला तर नाहीच नाही.

एकाहत्तर सालच्या जूनमध्ये पारनेरहून सांगावा आला. तिकडच्या कुठल्याशा संस्थेची एक तरुण बाई दोन वर्षं आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणार, तेही पगार न घेता, आणि गावातल्याच एका कुटुंबात राहणार. सरपंच आबासाहेबांनी लगेच आपल्या घरामागं संडास बांधून घेतला. गावातला तो पहिलाच. त्याला निळा रंगसुद्धा दिला. पाहुणी आली त्या दिवशी मात्र त्यांच्या पत्नी पुष्पावतीबाईंनी आतून कडी घातली. "ती गाईचं खाती म्हनं. माझ्या चुलीला तिचा हात लागायचा न्हाई," एवढंच त्या दाराआडून बोलल्या.

आबासाहेबांचं गाव ऐकायचं, बायको ऐकत नसे. पाहुणीची ट्रंक ओट्यावर आणि पाहुणी ट्रंकेवर, अशी स्थिती झाली असताना समोरून कानिफनाथ झंजाड चालले होते. या माणसाला जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं.

"चारच दिवस, नाना," आबासाहेब म्हणाले.

कानिफनाथांनी ट्रंक उचलली. निळ्या संडासात आबासाहेब पुढं सरकीची पेंड ठेवू लागले.

"चार दिवस म्हंजी किती?" बनुबाईनं नवऱ्याला विचारलं. नवरा बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. मग ती पाहुणीकडं वळली. "नाव काय गं तुझं?"

"डोरोथी."

बनुबाईनं ते दोनदा तोंडात घोळवून पाहिलं. "दुरपदा," ती म्हणाली. "तुझ्या मानसांना नीट म्हनता येत न्हाई वाटतं."

बनुबाई उंच, हाडापेरानं रुंद, आवाज मळ्यापर्यंत जाणारा. तिचं माहेर घाटाकडच्या अकोले तालुक्यातलं, भाताच्या मुलखातलं. लग्न होऊन ती आमच्या माळरानावर आली तेव्हा बाजरीची भाकरी तिच्या हातात फुटायची, आणि सासू ते तुकडे शेजारणींना नेऊन दाखवायची. असं सोसलेलं माणूस मायाळू होतं, असं लोक समजतात. बनुबाईच्या बाबतीत तसलं काही झालं नाही. कुणाच्याही घरी गेली की ती आधी भाकरी बघायची आणि माणसाची किंमत तिथंच करून मोकळी व्हायची.

दुरपदाची पहिली भाकरी तव्यावर पडण्याआधीच तिचे चार तुकडे झाले. बनुबाईनं ते शेजारी नेऊन दाखवले.

शाळेत दुरपदा इंग्रजी शिकवायची. त्याचा परिणाम असा झाला की, अख्खी आठवी दिवेलागणीला घरी परतणाऱ्या म्हशींनासुद्धा "गुड मॉर्निंग, टीचर" म्हणू लागली. घरी बनुबाई दुरपदाला शिकवायची. सारवण, पाखडणं, चुलीला जाळ कसा लावायचा, कुणाला अहो म्हणायचं आणि कुणाला हुसकायचं, असं सगळं. वर्षभरात दुरपदाची मराठी अशी तयार झाली की, पुण्याकडून आलेल्या हेडमास्तरांनी तिला बोलावून समज दिली. "बाई, वर्गात न्हाई-व्हय म्हणत जाऊ नका. मुलांची भाषा बिघडते."

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. बैल छावणीत गेले, माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली आणि आठवीतली निम्मी पोरं त्यांच्यामागं गेली. दुरपदाही रिकाम्या वर्गाला कंटाळून तिकडंच जाऊन बसली. पोरं दगड मोजताना इंग्रजी आकडे शिकली. पुढं कैक वर्षं आमच्याकडं खडी इंग्रजीत मोजली जायची.

रेशनवर तेव्हा परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची. सारं गाव तिला नावं ठेवायचं, आणि ती जणू दुरपदाच्या बापानं पेरली असल्यासारखं तिच्याकडं बघायचं. बनुबाईनं त्या पिठाची भाकरी कशीबशी थापली, अर्धी तोडून दुरपदाच्या पुढ्यात टाकली.

"तुमच्या मुलखाची हाय. खा."

दुरपदानं खाल्ली. मग हळूच म्हणाली, "मावशी, आमच्याकडं ही मानसं खात न्हाईत."

"मग कोन खातं?"

"गुरं."

बनुबाई एवढी हसली, की कानिफनाथ घाबरून आत आले. त्या वर्षात ती हसलेली आम्ही ऐकली ती तेवढीच.

त्र्याहत्तरचा एप्रिल संपता संपता दुरपदाची शाळेतली दोन वर्षं भरली. आबासाहेबांनी तिच्या निरोपाचा समारंभ योजला. तालुक्याहून प्रमुख पाहुणे येणार, त्यांच्या जीपला धुरळा नको, म्हणून त्यांनी कामावरच्या लोकांकडून फाट्यापासून गावापर्यंत घाईघाईनं खडी पसरून घेतली. रोलर फिरवायला वेळ नव्हता.

त्या दिवशी सकाळी उंबऱ्यात उभं राहून बनुबाईनं दुरपदाला शेवटचा धडा दिला.

"निघताना जाते म्हनायचं न्हाई. येते म्हनायचं."

"पन मी परत येनार न्हाई, मावशी. खोटं कशाला बोलू?"

"खोटं न्हाई ते. रीत हाय."

दुरपदानं बराच विचार केला आणि "येते" म्हणाली. बनुबाईनं मान डोलावली आणि दोघी मांडवात गेल्या.

मांडवात खुर्च्या मोजक्याच होत्या. कानिफनाथ कनातीला टेकून उभे राहिले. बनुबाई बायकांत बसणार तोच कुणीतरी म्हणालं, "बनुबाई, जरा चहाचं बघा." त्यामुळं भाषणं तिनं स्टोव्हच्या आवाजातूनच ऐकली. पाहुणे भारत आणि अमेरिकेच्या मैत्रीवर बोलले. "ही माझी मानलेली लेक. आज माझ्या घराचा उंबरा ओलांडून चालली," असं म्हणून आबासाहेबांनी उपरण्यानं डोळे टिपले. पुष्पावतीबाईंनी दुरपदाची ओटी भरली, मात्र हात लागू दिला नाही. दुरपदानं हेडमास्तरांनी पाठ करून घेतलेलं शुद्ध मराठी भाषण म्हटलं. त्यात आभार सगळ्यांचे होते, गावाचे, तालुक्याचे, दोन्ही देशांच्या सरकारांचे. झंजाड हे नाव त्यात घालायचं हेडमास्तरांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते तिनं शेवटी आपल्या मनानं घातलं. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

पाहुण्यांची जीप हादरे खात निघून गेली. दुपारच्या एस.टी.साठी सारं गाव पाराजवळ जमलं. एस.टी. फाट्यापर्यंत आली. ड्रायव्हरनं ती सुटी खडी पाहिली आणि तिथूनच गाडी वळवली.

हे आम्हाला कळायला संध्याकाळ झाली. तोवर हार सुकले, वाजंत्रीवाले गेले, आबासाहेबांना अचानक काम आठवलं. शेवटी दुरपदा आणि ट्रंक एवढंच पारावर उरलं.

ती घरी परतली, तेव्हा तिच्या खोलीत शेळी बांधून झाली होती.

"येते म्हनलीस," बनुबाई चुलीपासून न उठता म्हणाली, "तर लगीच यायचं असतं व्हय?"

शेळी काही हलली नाही. दोघींनी खोली वाटून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावरून गाडी होती. बैल छावणीत, म्हणजे गाडी जुंपायचा प्रश्नच नव्हता. बनुबाईनं चुंबळ केली आणि ट्रंक डोक्यावर घेतली. कानिफनाथ दारात उभे होते. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. दोन वर्षांत दुरपदाला त्यांची भाषा चांगलीच कळू लागली होती. ती वाकली, त्यांच्या पाया पडली आणि काही न बोलता निघाली.

वाटेत सगळीकडं तीच खडी. काही अंतर गेल्यावर दुरपदाला हुंदका आला.

"रडू नगं," ट्रंकेखालून बनुबाई म्हणाली. "गावात प्यायला पानी न्हाई, आन् तू वाया घालव."

दुरपदा रडता रडता हसली आणि पुन्हा रडू लागली. बनुबाई तिला वाटभर बोलत राहिली. पोटाला खात जा. आईच्या पाया पड. मानसासारखं मानूस बघून लगीन कर. तिकडची बाजरी मिळाली तर गरम पान्यानं मळ.

फाट्यावर एस.टी. वेळेवर आली. दुरपदा बनुबाईच्या पायांवर वाकली.

"येते, मावशी."

"न्हाई." बनुबाईनं तिला दंडाला धरून उभं केलं. "आज जाते म्हन."

"तुमीच म्हनला ना, रीत—"

"रीत काल झाली. तू येनार न्हाईस, ते मला ठावं हाय आन् तुला बी. एकदा नीट सांगून जा. न्हाई तर मी हर गाडीला वाट बघत बसंन."

दुरपदाच्या तोंडून तो शब्द निघायला वेळ लागला. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून थांबला होता.

"जाते," ती म्हणाली.

"जा."

मग ट्रंक टपावर नीट बांधली नाही म्हणून बनुबाईनं कंडक्टरला असं झापलं की, त्याला परत वर चढावं लागलं. गाडी हलली, वळणापलीकडं गेली.

बनुबाई तिथूनच कामावर आली. बायकांनी विचारलं, "गेली का?"

"गेली. खिडकीपाशी जागा मिळाली."

एवढं सांगून ती खडी फोडायला बसली. त्या दिवशी तिनं दगडांचा असा काही भुगा केला, की मुकादमानं मापात घ्यायला नकार दिला. ही खडी न्हाई, वाळू हाय, असं तो म्हणाला. एरवी बनुबाईनं त्याला सोडला नसता. त्या दिवशी तिनं घमेलं उपडं केलं आणि दुसरा दगड ओढला.

त्या साली पाऊस बरा झाला. पंचमीला तिची थोरली लेक मुक्ता शेवगावहून माहेरी आली. गावातल्या बायांनी तिला फाट्याची हकिकत सांगितली होती. ती आईवर रुसून बसली.

"तिची ट्रंक डोक्यावर घेऊन गेलीस. मला घालवाया कधी येशीपल्याड तरी आलीस का?"

बनुबाई कणीक मळत होती. तिनं हात थांबवला नाही.

"तू येनारच असतीस की," ती म्हणाली.

दोन दिवसांनी मुक्ता सासरी निघाली तेव्हा बनुबाई नेहमीसारखी दारापर्यंतच आली, आणि लेक गल्लीच्या वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत शेळीची धार काढायला परत फिरली.