फुलाबाईची इर्जिक

आमच्या उत्रोलीत एखादीच्या छातीत दुखलं, की औषधाआधी तिचं ताट वेगळं होतं. फुलाबाईचंही झालं. श्वास घेतला की बरगडीत कळ यायची, ताप हटत नव्हता. मुलगा सोमनाथ तिला भोरला दवाखान्यात घेऊन गेला खरा, पण घरात एक जर्मनची ताटली आईसाठी बाजूला काढूनच.

डॉक्टरांनी सांगितलं, ही प्लुरसी. फुफ्फुसाच्या आवरणाला सूज आलीय. सूज एकाची दुसऱ्याला लागत नाही; ती ज्या आजारामुळे येते, तो मात्र कधीकधी लागतो, टीबीसारखा. म्हणून तपासण्या केल्या. टीबी नव्हता, न्यूमोनिया होता. औषधं पुरी झाली, बाई बरी झाली, आता कुणाला धोका नाही असंही डॉक्टर म्हणाले. गावाने यातलं ‘टीबी’ तेवढं ऐकलं.

आषाढात तिच्या शेताची इर्जिक ठरली. भातलावणीला आम्ही सगळे मिळून एकेकाचं शेत उरकतो. मजुरी नसते, ज्याचं शेत, त्याने जेवण घालायचं. फुलाबाईने टोपलीभर भाकऱ्या थापल्या, आमटी केली. माणसं आली, पण प्रत्येकाच्या हातात फडक्यात बांधलेली घरची भाकरी.

फुलाबाई बांधावर आडवी उभी राहिली.

“माझ्या घरचं खायाचं नसंल, तर माझ्या चिखलात पाय घालू नका.”

“वैनी, रोपं पिवळी पडली,” तिचा चुलतदीर कोंडिबा म्हणाला. “आज न्हाई लावली तर वाया जातील. हट्ट कशापायी?”

“जाऊ द्या वाया. माझ्या हातानं रोग व्हतो, तर म्या उपटलेल्या रोपांना तरी कशाला शिवता?”

ती एकटीच खाचरात उतरली. वाकलं की बरगडी अजून ओढत होती, ते आम्हाला दिसत होतं. ती थांबली नाही. इर्जिक सोडून परत जायचीही सगळ्यांना लाज वाटत होती. शेवटी कोंडिबाने आपली भाकरी बैलापुढे टाकली आणि चिखलात उतरला. मग सगळेच उतरले.

दुपारी फुलाबाईने कोंडिबापुढे ती जर्मनची ताटली ठेवली.

“भावजी, ही माझी येगळी काढलेली ताटली,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “हिच्यातच जेवा.”

सोमनाथने मान खाली घातली. कोंडिबाने ताटली जवळ ओढली. मग त्याने भाकरी कुस्करली.

“आमटी वाढा, वैनी.”