काकूंची वाटी

शेजारच्या काकूंची वाटी ओट्यावर आहे, धुऊन पुसून ठेवलेली. सकाळी त्यांनी खीर पाठवली होती. वाटी रिकामी परत करायची नसते, चिमूटभर साखर तरी घालायची, हे इतकं अंगवळणी पडलंय की हात आपणहून डब्याकडे गेला. मग थांबला.

आईने एका नव्या पंथाची दीक्षा घेतली, तेव्हा तिने काकूंकडे शिरा पाठवला होता. वाटी तशीच, भरलेली, आमच्या दाराबाहेर सापडली. शिऱ्याला मुंग्या लागल्या होत्या. पुढे सोसायटीने आईच्या पंथाच्या प्रार्थनेला हॉल नाकारला. आईला हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. श्रद्धेचं स्वातंत्र्य घटनेत लिहिलंय, पण शेजारणीच्या वाटीपर्यंत घटना पोचत नाही. आई शेवटपर्यंत काकूंसाठीही प्रार्थना करत राहिली. ती गेली, आणि काकूंच्या लेखी आमचं घर शुद्ध झालं. म्हणून ही खीर.

मी आईसारखी नाही.

वाटी नेऊन दिली. काकू वाटीत बघतच राहिल्या. हळूच म्हणाल्या, "साखर संपली का गं?"

"नाही काकू. डबा गच्च भरलाय."