बाबांच्या रिट्रीटची चार पत्रं

माझ्या आईनं माझ्या बाबांना उभ्या आयुष्यात एकच पत्र लिहिलं, आणि तेही मीच लिहिलं होतं.

जवाहरनगरजवळच्या आमच्या वस्तीतला पहिला बी.ए. मी. रेशनकार्डापासून विजेच्या मीटरपर्यंत सगळ्यांचे अर्ज माझ्याच हातचे. आजवर माझा एकही अर्ज नामंजूर झाला नव्हता. (दोन हरवले, ते वेगळं!) हे शिक्षण बाबांच्या भज्यांवर झालं. सहावी शिकलेल्या माझ्या बाबांनी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चौतीस वर्षं भजी तळली आणि मला कढईच्या जवळ फिरकू दिलं नाही.

म्हणून मी ठरवलं, बाबांना रिट्रीटला पाठवायचंच. आमच्या कॅथलिक लोकांची एक चळवळ आहे. साध्या संसारी माणसांची श्रद्धा ताजी व्हावी म्हणून ती नागपुरात शुक्रवार ते रविवार शिबिर घेते. मोबाइल, घड्याळ, सगळं काढून घेतात. आणि शनिवारी दुपारी, अगदी अचानक, घरच्यांची आणि शेजाऱ्यांची गुपचूप लिहिलेली पत्रं हातात देतात. प्रत्येक पत्रात लिहिणारा सांगतो, 'तुमच्यासाठी मी अमुक गोष्ट सोडली.' मी गेलो तेव्हा माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याला एकही पत्र आलं नव्हतं. तो तासभर रुमालाची घडी घालत बसला होता. घालायची, उघडायची, पुन्हा घालायची.

माझ्या बाबांवर ती पाळी येऊ द्यायची नाही!

चार महिने मागे लागून बाबांना तयार केलं. मग पत्रांच्या मागे लागलो.

आई म्हणाली, "मी त्याह्यले पत्र लिहू? एकाच घरात तर राहून राहिलो! जे हाय ते तोंडावर सांगतो ना."

शेजारचे मेश्रामकाका गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून म्हणाले, "पत्र काहून? मी मोबाइलवर गुलाब पाठवतो."

"काका, मोबाइल काढून घेतात तिथं!"

"मंग आल्यावर पाहतीन."

वरठीची आत्या म्हणाली, "लिहितो ना बाबू, कायले घाई करून राहिला?"

पत्रं पोचवायचा शेवटचा दिवस गुरुवार. गुरुवारी दुपारपर्यंत जमलेली पत्रं: एक. माझं!

तेव्हा मी शिकवतो त्या लाखनीच्या शाळेत, तासिका मोकळी मिळताच, स्टाफरूममध्ये बसलो आणि तिघांची पत्रं लिहून काढली. तीन रंगांची पेनं वापरली. मेश्रामकाकांचं तर डाव्या हातानं लिहिलं! आणि दुसऱ्याच्या त्यागाच्या बाबतीत हात आखडायचं कारणच काय? आईनं महिनाभर मालिका सोडल्या. काकांनी महिनाभर खर्रा सोडला. आपल्या लग्नात बुंदी कमी पडली, हे आत्या गेली तीस वर्षं बाबांना ऐकवत आलेली. तिनं महिनाभर बुंदीचं नाव सोडलं. मी स्वतः आठवडाभर लोणचं सोडलं. (बरणी तशीही संपत आली होती.)

रविवारी संध्याकाळी परतणाऱ्याचं स्वागत करायची पद्धत आहे, म्हणून सगळे अंगणात जमले. मला वाटलं, बाबा थकून येतील आणि झोपतील. बाबा आले ते चारही पाकिटं छातीशी धरून, रुमाल ओलाचिंब!

त्यांनी आधी मेश्रामकाकांना मिठी मारली. "भाऊ! माह्यासाठी तुमी खर्रा सोडला!"

काकांच्या गालात त्या क्षणी ताजा खर्रा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांच्या पाठीमागून हात जोडले. काकांनी डोळे मिटले आणि तो गिळला.

"हो... हिक्... अँथनीभाऊ... हिक्... सोडला!"

"आन् तू," बाबा आईकडे वळले, "माह्यासाठी मालिका बंद केल्या!"

"कोणं सांगतलं?"

"तूच तर लिहिलं!"

आईनं माझ्यावर जी नजर टाकली, ती अजून माझ्या पाठीत आहे. आत्या काही बोलणार, तोच बाबा म्हणाले, "बाई, आता बुंदीचं नाव नाही ना?" आत्याचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा!

बाबांना रडताना कोणीच पाहिलं नव्हतं, म्हणून खरं सांगायची हिंमत कोणालाच होईना. तिघांनीही दात-ओठ खाऊन त्याग पाळला. काका बडीशेप चघळत माझ्या नावानं बोटं मोडायचे. आई शेजारच्या भिंतीला कान लावून मालिका ऐकायची. (पाहणं सोडलं होतं, ऐकणं नाही.) आत्या वरठीहून रोज फोन करायची आणि नुसती श्वास घ्यायची.

पाचव्या दिवशी मेश्रामकाका कोसळले. घरात येऊन म्हणाले, "अँथनीभाऊ, माफ करा. ते पत्र माह्यं नोहे."

बाबा शांतपणे म्हणाले, "माहीत हाय."

"कसं काय?" मी ओरडलो. "मी तर डाव्या हातानं लिहिलं!"

बाबांनी आईचं पत्र उघडून वाचलं. "प्रति, माननीय महोदय. विषय: मालिका सोडणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून..." ते थांबले. "पोरा, पस्तीस वर्षांत तुह्या मायनं मले महोदय नाही म्हणलं!"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"मग रडलात कशाला?" मी विचारलं.

"शेजारच्याले तीन पत्रं आली, मले चार. आन् चारही माह्या पोरानं लिहिलेली. मले एकही लिहिता आलं नसतं." बाबांनी पत्रांची नीट घडी घातली. "पण त्याग देवाच्या नावानं लिहिला. कोणाले तरी पाळाच लागते. हे सारे मोकळे. तू पाळ."

मालिका मी पाहत नाही, खर्रा खात नाही, बुंदीबद्दल माझी तक्रार नाही. म्हणून बाबांनी रीतसर बदल करून दिला: मालिकांऐवजी क्रिकेट, खर्र्याऐवजी चहा, बुंदीऐवजी सगळंच गोड. लोणचं कायम.

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागल्यावर मी कोरा कागद घेतला. 'विषय: चहापुरती सूट मिळणेबाबत.' बाबांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला, माझंच पेन मागितलं आणि खाली सहावीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'नामंजूर.'