चाकू वापरलेला आढळला

आरमोरीपासून तीन कोसांवर राहणारे गुलाब दहिवले बोरीच्या झाडांना डोळे भरीत. रानबोरीचे झाड चैत्रात गुडघ्याइतके ठेवून छाटायचे, पावसाच्या तोंडाशी बुंध्याला नवे फुटवे येऊ द्यायचे आणि आषाढ-श्रावणात त्यांतल्या एका जोमदार फुटव्याच्या सालीला छेद देऊन, साल अलगद उचलून, तिच्याखाली चांगल्या जातीच्या बोरीचा डोळा बसवायचा. वरून पट्टी बांधायची. डोळा जगला तर दोन वर्षांत बारक्या, आंबट बोरांच्या जागी अंगठ्याएवढी गोड बोरे येतात. दहिवले हे काम १९८४ साली एका सरकारी रोपवाटिकेतल्या प्रशिक्षणात शिकले, आणि शिकलेले विसरू नये म्हणून दर पावसाळ्यात गावोगाव हिंडू लागले.

या कामातले सारे कौशल्य छेदात असते. छेद सालीपुरता हवा. लाकडात गेला की डोळा वाळतो. म्हणून चाकूचे पाते उघडल्यावर तसूभरही हलता कामा नये. प्रशिक्षणातल्या वीसही जणांनी चंद्रपूरच्या एकाच दुकानातून एकाच कंपनीचे घडीचे चाकू घेतले होते. एका टोकाला पाते, दुसऱ्या टोकाला साल उचलण्याची हाडाची चपटी पट्टी, पाठीत स्प्रिंग. डबीत हिंदीत छापलेले एक कार्ड होते. पाच वर्षांची गॅरंटी. एकोणीस जणांनी ते कार्ड डबीसकट कोनाड्यात टाकले. दहिवल्यांनी ते दोनदा वाचले.

त्यांच्या वाचण्यामागे एक घराणे नव्हते, एक वस्ती होती. त्यांचे वडील छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि पुढची पंचवीस वर्षे वस्तीचे अर्ज लिहीत राहिले: विहिरीसाठी, स्मशानाच्या वाटेसाठी, मुलींच्या शाळेसाठी. मुलाला त्यांनी एकच शिकवण दिली होती. अर्जात काही लपवू नये. लपवलेली एक ओळ साहेबाच्या हाती लागली की उरलेल्या खऱ्या ओळीही खोट्या ठरतात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कागद मिळालाच नाही, त्यांनी कागदाला दिलेला हा मान होता. ज्यांच्या हाती कागद नेहमीच होता, त्यांना तो मान कळण्याचे कारण नव्हते.

पंच्याऐंशीच्या हंगामाअखेर दहिवल्यांच्या चाकूचे पाते डुलू लागले. त्यांनी सांध्यात मोहाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे, तेल सोडले. त्या मुलखात बैलगाडीच्या आसापासून बाळाच्या टाळूपर्यंत सगळीकडे तेच चालते. पण हे तेल थंडीत थिजते. मार्गशीर्षात ते सांध्यात गोठून बसले आणि पाते घट्ट झाले. दहिवल्यांना वाटले, दुखणे गेले. या समजुतीवर विसंबून माघ महिन्यात त्यांनी एक शब्द दिला, आणि पुढचे सारे त्या शब्दापायी घडले.

शब्द दिला तो डोमा ढिवराला. शेजारच्या गावच्या तलावात मासेमारी करणारी बारा घरे होती आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक्केचाळीस रानबोरी होत्या. बोरी सगळ्यांच्या मिळून होत्या. बाया ती बोरे वाळवून कुटून ठेवीत. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की पोरांच्या हातावर तेवढेच ठेवता येई. झाडे छाटली तर दोन वर्षे काही मिळणार नव्हते. पाळीवर बैठक बसली.

"गुलाबभाऊ, झाडं कापून टाका म्हनता," डोमा म्हणाला, "अन् डोळा मेला तं?"

"मेला तं पुढच्या साली पुन्हा भरून देईन."

"अन् तुमीच मेले तं?"

"तुले शिकवून मरतो, मंग तं झालं?"

"याले?" डोमाची बायको गोकुळा मागून बोलली. "याले जाळ्याची गाठ मारता येत नाई. हा काय झाडाचा डोळा भरन! भाऊ, तुमीच जगा जरासे."

बाया हसल्या. कोणी कागद मागितला नाही, अंगठा घेतला नाही. चैत्रात बारा घरांनी कुऱ्हाडी घेऊन एक्केचाळीस झाडे कापली.

त्याच चैत्रात ऊन तापले, तेल पाघळले आणि पाते पुन्हा डुलू लागले.

गावच्या पत्रू लोहाराने चाकू हातात घेऊन उघडझाप केली. "खिळा ढिला हाय. दोन हातोड्या मारतो. बसते."

"नको," दहिवले म्हणाले. "कार्डावर लिवलं हाय. दुसऱ्यानं हात लावला तं गॅरंटी जाते."

"मी दुसरा काऊन? चाकू बनवनारा लोहारच असन ना?"

दहिवल्यांना हा प्रश्न योग्य वाटला. तरीही त्यांनी कार्डाचे ऐकले. वैशाखात ते बसने चंद्रपूरला गेले. दुकानात दादाजी नावाचा कारकून बसत असे, दहिवल्यांहून दहा वर्षांनी लहान. त्याने वर न पाहता एक फॉर्म पुढे सरकवला. "भर. पेन हाय का तुह्याजवळ?"

फॉर्मवर रकाना होता: वस्तूच्या वापराचे वर्णन. दहिवले बाकावर बसले आणि स्वच्छ अक्षरात सारे लिहिले. चाकूने दोन हंगामांत अंदाजे सहाशे डोळे भरले. रोज संध्याकाळी नदीच्या दगडावर धार लावली. सांध्याला टोळीचे तेल दिले. एकदा एका माणसाच्या पायातला काटा काढला. खाली सही केली. दादाजीने फॉर्म न वाचता चाकूसह खोक्यात टाकला.

ज्येष्ठ गेला. आषाढाच्या शेवटी डोमा भिजत आला. "भाऊ, फुटवे आंगठ्याएवढे होऊन राह्यले. कवा येता?"

फुटवा जून झाला की साल सुटत नाही. श्रावणाच्या मध्यानंतर डोळा भरण्यात अर्थ नव्हता. दहिवल्यांनी घराच्या परसात दाढीच्या पात्याने तीन डोळे भरून पाहिले. पाते वाकले, छेद लाकडात गेला, तिन्ही डोळे आठ दिवसांत काळे पडले. प्रशिक्षणातल्या इतरांचे चाकू त्यांच्या त्यांच्या गावात त्याच पंधरवड्यात गुंतलेले होते. दुसरा चाकू विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्यांची पत्नी मनकर्णा म्हणाली, "जाऊन तं पाहा. आला असन, तो दुकानवाला काय घरी आनून देनार हाय?"

चाकू आला होता. महिनाभरापूर्वीच आला होता. कळवण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. सोबत एक छापील पत्र होते. सुरुवातीला आदरणीय ग्राहक, शेवटी सदैव आपल्या सेवेत, आणि मधे कारणांची यादी. तीन कारणांपुढे निळ्या शाईच्या खुणा. पात्याला अनधिकृत व्यक्तीने धार लावल्याचे आढळले. अमान्य तेल आढळले. वस्तू वापरलेली आढळली. सबब गॅरंटी रद्द.

या तिसऱ्या वाक्याची किळस येण्यासाठी ते फार वेळ वाचावे लागत नाही. चाकू वापरलेला आढळला. वस्तू विकणारा ती वापरण्याचा गुन्हा घेणाऱ्याच्या माथी मारतो, आणि तेही नम्र भाषेत, आदरणीय म्हणून. जो चाकू कधीच कशाला लागला नाही, फक्त त्याचीच हमी या कार्डात होती. अशी हमी एखाद्या मूर्खाने लिहिली असती तर क्षम्य होती. ती शिकलेल्या, हिशेबी माणसांनी, वकिलाला दाखवून लिहिली होती. हमी शब्दाने माणसाच्या मनात जो विश्वास उपजतो तेवढा घ्यायचा आणि बदल्यात काही द्यायचे नाही, हे ठरवून लिहिली होती. गावच्या बाजारात तराजूची दांडी मारणारा निदान तुमच्या डोळ्यांदेखत मारतो.

दहिवल्यांनी चाकू उघडला. स्प्रिंग नव्हती. तपासणीच्या नावाखाली खिळा कापला होता आणि तसाच तारेने गुंडाळून परत पाठवला होता. आता पत्रू लोहारालाही त्यात हातोडी मारायला काही उरले नव्हते.

"स्प्रिंग कुठी हाय?" त्यांनी विचारले.

"मले काय माहीत! तिकडं राह्यली असन." दादाजीने प्रथमच मान वर केली आणि पत्राला जोडलेला फॉर्म पाहिला. मग तो हसू लागला. "हे तूच लिवलं? धार लावली, तेल टाकलं, काटा काढला! अबे, हे सांगाले कोन म्हनलं होतं तुले?"

"रकाना होता."

"रकाना होता!" दादाजीने मागच्या हमालाला ऐकू जाईल असे म्हटले. "वीस चाकू गेले तुमच्या लोकायचे. नऊ जन आले. खरं लिवनारा तू एकटाच. तो धानोऱ्याचा लटारू, त्यानं मुठीवर खिळ्यानं आपलं नाव कोरलं होतं. तरी लिवलं, डबी उघडलीच नाई. आला की नाई नवा?"

"चाकू पाह्यला नाई त्याईनं?"

"चाकू कोन पाहते? फारम पाहते." त्याने कोरा फॉर्म काढला. "लिव. डबीतून काढला तवाच ढिला होता, वापरला नाई. घेऊन जा नवा."

"किती दिवस लागन?"

दादाजीने टेबलाचा खण ओढला. आत बदली देण्याचे चाकू होते, मेणकागदात गुंडाळलेले, दहा-बारा तरी. "लागते कायले? हे चैत्रापासून पडून हायत."

दहिवले ज्या दिवशी पहिला फॉर्म भरीत बसले होते, त्या दिवशीही ते चाकू त्या खणात होते. मधे गेलेले अडीच महिने कशाच्या दुरुस्तीसाठी गेले नव्हते. एका खऱ्या वाक्याच्या जागी एक खोटे वाक्य यावे, एवढ्याचसाठी ते गेले होते.

श्रावणाच्या मध्याला आठच दिवस उरले होते. त्यांनी फॉर्म भरला. वापर: काही नाही. सही केली. सही नेहमीसारखीच आली, हे त्यांना पुढे कित्येक दिवस खटकत राहिले.

पुढचे चार दिवस ते तलावाच्या पाळीवर होते. डोळ्यांच्या काड्या ओल्या गोणपाटात, वरून रिमझिम, डोमा पट्ट्या फाडून देत होता. नवे पाते हलत नव्हते. एक्केचाळीस झाडांना डोळे भरून झाले. पंधरा दिवसांनी पट्ट्या सोडल्या तेव्हा चौतीस डोळे हिरवे होते. गोकुळाने प्रत्येक झाडापाशी वाकून पाहिले आणि घरून मासे आणून दिले. त्या वेळी दहिवल्यांनी चाकू कसा आला ते पाळीवर सगळ्यांना सांगितले.

"येवढंच?" डोमा म्हणाला. "मी तं समजलो, चोरून आनला. त्याईनं फशवलं, तुमी फशवलं. फिटंफाट."

"फिटंफाट नाई डोमा. त्याईनं माह्याकडून लबाडी करून घेतली, अन् मंगच माह्यी वस्तू मले देल्ली."

"अरे भाऊ, पन झाडं जगले ना!"

झाडे जगली होती, आणि याच कारणाने दहिवल्यांना स्वतःला दोष देऊन मोकळे होता येत नव्हते. पुन्हा तीच वेळ आली तर आपण पुन्हा तेच लिहू, हे त्यांना ठाऊक होते. माणसाला लबाड करणे ही या व्यवस्थेची मोठी करामत नव्हे. आपल्या शब्दाला जागण्यासाठी त्याला लबाड व्हावे लागेल अशी जागा ती शोधून काढते, आणि मग त्याच्या सहीखाली आपला शिक्का मारते. ही तिची खरी घाण. तिचा वास हाताला लागतो तो अशाच माणसांच्या, ज्यांचे हात त्या दिवसापर्यंत स्वच्छ होते.

आश्विनात ते चंद्रपूरला गेले आणि चाकू दादाजीपुढे ठेवला. "हा परत घ्या. मी लिवलं ते खोटं होतं. पहिला चाकू मी दोन साल वापरला होता. तसं लिवून देतो."

दादाजीने त्यांच्याकडे, मग चाकूकडे पाहिले. "परत कराचा फारम नाई."

"कोऱ्या कागदावर लिवतो."

"कोरा कागद कंपनी घेत नाई. तू जा न बापा, गिऱ्हाईक उभं हाय."

गिऱ्हाईक खरेच उभे होते. एटापल्लीकडचा एक माडिया शेतकरी, लालसू नावाचा, कामासाठी चंद्रपूरला आलेला. त्याला घडीचा चाकू हवा होता. दादाजीने दहिवल्यांच्या देखत त्यांनी ठेवलेला चाकू धोतराच्या सोग्याने पुसला, डबीत घातला, कोऱ्या कार्डावर त्या दिवसाची तारीख टाकली आणि डबी लालसूपुढे सरकवली. "नवा माल. पाच साल गॅरंटी."

दहिवले मागे वळले होते, ते थांबले.

"नवा नाई," ते लालसूला म्हणाले. "दोन महिने मी वापरला. एक्केचाळीस डोळे भरले यानं. दगडावर धार लावली हाय. सांध्यात टोळीचं तेल हाय. हिवाळ्यात ते थिजते, पाते घट्ट लागन. पन घट्ट नसते ते. उन्हाळ्यात पाहून घेजा."

"चूप बैस!" दादाजी उभा राहिला. "निघ दुकानातून!"

लालसूने चाकू उघडला. पाते अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकेच ओढले. मग दुसऱ्यांदा ओढले. त्याने पात्याचा वास घेतला आणि दहिवल्यांकडे पाहिले.

"धार तुमी लावली?"

"हो."

"बेस लावली," तो म्हणाला. "नव्याला येवढी नसते."

त्याने पैसे टेबलावर ठेवले आणि चाकू मिटून कमरेला खोचला. दादाजीने कार्ड पुढे केले तर ते घ्यायला त्याने हात उचलला नाही. सांध्यात तेल किती थेंब सोडायचे, दगड ओला हवा की कोरडा, हे तो दहिवल्यांना विचारत होता. विचारतच दोघे पायऱ्या उतरले.