आत्याचा बिब्बा

आत्याचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं. गाव तिला देवमाणूस म्हणायचं. म्हणो बापडं. मी म्हणणार नाही.

पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही चिखलीत राहायचो. वडील जाऊन बराच काळ झाला होता आणि घरात त्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आत्याचा, शब्द चालायचा. मी बावीस वर्षांची, गावच्या शाळेत मास्तरीण. आईच्या छातीत सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती म्हणून तिनं ती चार महिने लपवली, आणि सांगितली तीही मला नाही, आत्याला.

आत्यानं बिब्बा घातला. सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरायचा आणि त्याचं सुटलेलं गरम तेल गाठीवर टेकवायचं. गुरांना काय, माणसांना काय, तिच्याकडं औषध हे एकच. तो बिब्बा उतला. कातडी काळी पडली, फोड आले, पाणी वाहायला लागलं. तेव्हा मी हट्ट धरला आणि आईला पुण्याच्या इस्पितळात नेलं. चिंचवड स्टेशनापर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी. आत्या सोबत आलीच. तिला अडवणार कोण?

डॉक्टर हुशार होता, पण आजारी बाईशी बोलणं त्याला कमीपणाचं वाटत असावं. मी शिकवते हे कळल्यावर मला मात्र त्यानं समजावून सांगितलं. गाठ बोटांनी हलते आणि वरची कातडी शाबूत आहे, ही पहिली अवस्था. काखेतही गाठ लागली की दुसरी. या दोन्हींत ऑपरेशन करायचं. कातडी फुटली, किंवा गाठ आत छातीला चिकटली, की तिसरी. मग कापून उपयोग नाही, नुसता क्ष-किरणांच्या यंत्राचा शेक. हाडांत उतरली की चौथी.

"हिची गाठ अजून हलतेय," तो म्हणाला, "पण कातडी फुटलीय. वरून काही लावलं होतं का?"

विचारलं कुणाला, तर आत्याला.

"न्हाई बा. काय न्हाई लावलं," आत्या म्हणाली.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं पाहिलं. आत्याला चारचौघांत खोटं पाडायची आमच्या घरात रीत नव्हती, आणि एवढी शिकलेली मी त्या रीतीला भ्याले. डॉक्टरनं कागदावर तिसरी अवस्था लिहिली आणि शेकासाठी बोलावणं येईल म्हणून आम्हाला घरी धाडलं.

दीड महिना बोलावणं आलं नाही. तेवढ्यात जखमेनं खपली धरली आणि ती भरूनही आली. रोगानं फुटलेली कातडी अशी आपोआप भरत नाही, हे कळायला मला डॉक्टर लागत नव्हता. आत्याला न सांगता मी आईला पुण्याला घेऊन गेले आणि सगळं ओकून टाकलं.

डॉक्टर भडकला. "मास्तरीण ना तुम्ही? त्याच दिवशी बोलला असता तर त्याच आठवड्यात ऑपरेशन केलं असतं!"

"आणि तुम्ही जिचं अंग तिलाच का नाही विचारलंत?" मीही तोंड सोडलं.

 त्यानं आईला कमरेवर हात दाबून धरायला सांगितले आणि गाठ इकडून ढकलली, तिकडून ढकलली. पुन्हा एकदा ढकलली. गाठ जागची हलली नाही. कागदावर जे लिहिलं होतं ते त्यानं तसंच राहू दिलं.

आई पदर सावरत माझ्याकडं वळली.

"एवढं सांगाया दीड म्हयना लागला व्हय गं तुला?"

आत्याला ती मरेपर्यंत एका शब्दानं बोलली नाही. मला बोलली.