राखणदाराच्या बायकोचा चेहरा

नवरा अर्ध्या गालावर फेस घेऊन दुसरा मोजा शोधत होता, सासूबाई रेडिओवरच्या बातम्यांना जागच्या जागी उत्तरं देत होत्या आणि रफूवाल्या बाई खिडकीशी बसून एका काळ्या कोटाचं कोपर भरत होत्या. कोट दुपारपर्यंत द्यायचा होता. काळ्या कापडावर नुसता काळा दोरा घातला की भरलेली जागा डोळ्यांत खुपते, म्हणून बाई एक गडद निळा आणि एक तपकिरी असे दोन दोरे शेजारी शेजारी घालत होत्या. हातभर लांबून पाहिलं की दोन्ही मिळून त्या कोटाचाच काळा होतो. ही युक्ती त्यांना मावशीने शिकवली होती.

तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार वाजलं.

नवरा विजेचे मीटर वाचायच्या नोकरीत होता. जन्मभर दुसऱ्यांची दारं वाजवलेल्या माणसाला स्वतःचं दार वाजलेलं खपत नाही. बेल सोडून दार ठोकणारा एक तर फार ओळखीचा असतो, नाहीतर काहीतरी गळ्यात मारायला आलेला असतो, असं पुटपुटत तो फेसासकट दार उघडायला गेला.

दारात चाळिशीचा एक माणूस उभा होता. खांद्याला बॅग, बूट लख्ख, हसू जरा जास्तच. त्याने विचारलं, "सुई इथंच राहतात का?"

"इथं सुया पुष्कळ राहतात," नवरा म्हणाला. "तुम्हाला कुठली हवी?"

आत बाईंचा हात थांबला. हे नाव त्यांनी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. लग्नाआधी तीन वर्षं त्या एका लहानशा कंपनीत कामाला होत्या. घरच्या कॉम्प्युटरवर खेळायचे खेळ तिथे तयार होत. मारामारीचे नव्हेत, साहसाचे. कुणी हरवलेलं असायचं, त्याला शोधत खोल्या धुंडाळायच्या, भेटेल त्याला प्रश्न विचारायचे आणि उत्तरांतून वाट काढायची. बाई त्यांतली चित्रं टाके घातल्यासारखी ठिपक्या-ठिपक्याने रंगवत. शेजारच्या टेबलावर बसून खेळांचे सूर बांधणाऱ्या सहकाऱ्याने त्यांना सुई म्हणायला सुरुवात केली, आणि बाईंनी त्याची परतफेड पिपाणी म्हणून केली. पुढे कंपनी बंद पडली, लग्न झालं, रफूचं काम सुरू झालं. घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक, की बाई पूर्वी 'कॉम्प्युटरचं काहीतरी' करत. कुणी जास्त विचारलं नाही, आणि न विचारता सांगत सुटायचा बाईंचा स्वभाव नव्हता.

"सुई कोण?" नवऱ्याने आत येऊन हळूच विचारलं.

"मी."

त्याने बायकोकडे, मग दाराकडे पाहिलं आणि उरलेला गाल न तासताच फेस पुसून टाकला. कामावर जरा उशिरा गेलं तरी चालेल, असं त्याने जाहीर केलं.

पाहुण्याने सगळं नीट सांगितलं. फारच नीट, पाठ केल्यासारखं, असं बाईंना वाटलं. तो जुन्या खेळांवर पुस्तक लिहीत होता. एकच खेळ तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर निघे, कुठे रंग जास्त, कुठे आवाज चांगला. ती मशीनं आता भंगारात गेली, पण त्यांचं हुबेहूब सोंग घेणारे प्रोग्रॅम असतात, एम्युलेटर म्हणतात त्यांना. त्यांच्यावर तो सगळे खेळ पुन्हा खेळला होता आणि कुठलं चित्र सरस, कुठला सूर नीरस, हे शेजारी शेजारी ठेवून लिहिलं होतं. पत्ता पिपाणीने दिला.

इथे बाईंच्या मनात पहिली पाल चुकचुकली. तीस वर्षांत ज्याने एक निरोप पाठवला नाही, त्याने माणूस पाठवावा? बरं, या माणसाने बसल्याबरोबर फोन टेबलावर पालथा घातला होता. बोलणं टिपून घेतोय की काय कोण जाणे. सासूबाई तोवर भिंतीला धरत कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान तिखट. "गोड बोलणाऱ्याचे हात आधी बघावेत," त्या कुणालाच उद्देशून म्हणाल्या. पाहुण्याने हात मांडीवर घेतले.

मग प्रश्न सुरू झाले. चित्रांना किती दिवस दिले होते? वरून घाई होती का? चित्रकलेचं रीतसर शिक्षण झालं होतं का? मूळ चित्रं नीट हातात मिळाली होती, की ऐकीव माहितीवर काम उरकलं? शेवटचं क्रियापद बाईंच्या कानाला टोचलं. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर फिट बसत होतं आणि ते त्याच्याकडे आधीच तयार होतं. निकाल खिशात घालून साक्ष घ्यायला आलेला हा माणूस, हे त्यांनी ओळखलं.

"कुठल्या खेळाबद्दल विचारताय?"

"दीपगृहाच्या."

त्या खेळात दीपगृहाचा राखणदार नाहीसा झालेला असतो आणि दिवा विझलेला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याची बायको बसलेली. खेळणारा तिला सात प्रश्न विचारू शकतो आणि सातही वेळा ती थंडपणे सांगते, की नवरा येईल, तिला कसलीच काळजी नाही. तिच्यावर विश्वास ठेवून पुढे गेलं की खेळणारा तासन्‌तास भलत्याच खोल्यांत भटकतो. मोठ्या महागड्या मशीनसाठी हा खेळ दुसरीकडे बनला होता. घरच्या टीव्हीला जोडायच्या स्वस्त मशीनसाठी, मोजून सोळा रंगांत, तो बाईंच्या कंपनीने उतरवला होता.

पाहुण्याने लॅपटॉप उघडला, स्क्रीन स्वतःकडे ठेवली आणि फक्त सूर लावला. आधी मोठ्या मशीनचा, चार वाद्यं एकदम वाजल्यासारखा भरघोस. मग लहान मशीनचा, एकटा, बारीक, भुणभुणणारा. तो एकटा असला, तरी पिपाणीने तीन सूर इतक्या झरझर आलटून पालटून वाजवले होते, की कानाला ते एकत्र लागावेत. बाईंनी डोळे मिटले. आठ महिने शेजारच्या टेबलावरून हा सूर कानात ओतला गेला होता. जेवताना त्याच तालावर घास चावला जायचा.

"हा सावकाश वाजतोय," त्या म्हणाल्या.

पाहुणा समजूत घातल्यासारखा हसला. मशीनच लहान होतं, तो म्हणाला, सूर रेंगाळणारच. त्याने पुस्तकातही तसंच लिहिलं होतं.

"मशीन लहान होतं, आजारी नव्हतं. सहा पावलं चालायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात हे कडवं संपायचं. तुमचं आठव्या पावलापर्यंत चाललंय."

त्याने भुवई उंचावली, पण सेटिंग उघडून पाहिली. टीव्हीवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं, त्यावर त्या मशीनचा सूर धावायचा, आणि हा वेग देशागणिक वेगळा असे. त्याने भलत्याच देशाच्या मशीनचं सोंग लावून ठेवलं होतं. दोन बटणं दाबल्यावर पिपाणीचा सूर चुरचुरीत धावू लागला. पाहुण्याचं हसू तेवढं रेंगाळलं, मग मावळलं.

"असं आहे तर," नवरा म्हणाला. मीटर उलटा फिरताना पकडल्यावर तो घरमालकाला याच आवाजात हे म्हणत असावा.

बाईंनी सुई कोटात खोचली. "आता माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा."

तो घुटमळला. अजून कच्चंच आहे, म्हणाला. पुस्तक शुक्रवारी छापायला जाणार, हे त्याने मघाशीच सांगितलं होतं, तेव्हा बाईंनी कोट बाजूला ठेवला आणि वाट पाहिली. शेवटी त्याने वाचलं. लहान मशीनवरची चित्रं घाईत उरकलेली आहेत. राखणदाराच्या बायकोचा चेहरा तर गोवर उठल्यासारखा ठिपकेदार आहे. मोठ्या मशीनवर तिच्या गालावर एक सुंदर अश्रू आहे, त्यावरून ती खोटं बोलतेय हे कळतं. इथे तो अश्रूच गाळला आहे. चित्रकाराला खेळाची गोष्टच कळली नव्हती.

 

त्या चेहऱ्याला बाईंनी अकरा दिवस दिले होते. सोळा रंगांत माणसाच्या कातडीचा रंग नव्हताच. पोपटी होता, जांभळा होता, कातडीचा नाही. मावशीचे दोन दोरे आठवून त्यांनी तपकिरी ठिपक्याशेजारी गुलाबी ठिपका, त्याशेजारी पुन्हा तपकिरी, असा अख्खा चेहरा भरला होता. आणि अश्रू त्यांनी विसरून गाळला नव्हता. मावशीचे यजमान गेले, तेव्हा मावशी गिऱ्हाइकाला हेच सांगायची, मला काही नाही झालं, बसा. परक्या माणसासमोर ही बाई गालावर दागिन्यासारखा थेंब मिरवणार नाही, पुसून टाकेल. पुसता येत नाहीत त्या पापण्यांच्या कडा. म्हणून थेंब काढून बाईंनी पापण्यांच्या कडेला एकाआड एक लाल ठिपका दिला होता. आणि हे सगळं आता कायमचं छापून जाणार होतं, गोवर म्हणून.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

त्याने लॅपटॉप वळवला. बाईंना स्वतःचंच काम क्षणभर ओळखू आलं नाही. काचेसारख्या लखलखीत स्क्रीनवर एकेक ठिपका चौकोनी, कातरून ठेवल्यासारखा सुटा दिसत होता. तपकिरी निराळा, गुलाबी निराळा. चेहरा नव्हताच, फरशी होती. हा खोटं लिहीत नव्हता. त्याला दिसलं तेच त्याने लिहिलं होतं, आणि बाईंना याचाच जास्त राग आला.

"मी हे नाही काढलं."

"खेळ तोच आहे, ताई. एक ठिपका इकडचा तिकडे झालेला नाही."

"ठिपके माझेच आहेत. पण तेव्हाचे टीव्ही असे नव्हते. जाड काचेचे होते, त्यांच्यावर ठिपका कडेला पाझरायचा. तपकिरी आणि गुलाबी एकमेकांत मिसळून कातडीचा रंग व्हायचा. मशीनचं सोंग तुम्ही आणलंत, काचेचं नाही आणलंत."

पाहुण्याने मान डोलावली, पण पटल्याची नव्हे. तीस वर्षांनी प्रत्येकाला आपलं काम चांगलंच आठवतं, असं काहीतरी तो सौम्यपणे म्हणाला. तसं टीव्ही पाझरायचे हे त्याने वाचलं होतं. पण त्यामुळे गोवराचा चेहरा होतो, यावर कसा विश्वास ठेवायचा? पुरावा हवा.

"ती बाई कोण?" सासूबाईंनी मध्येच विचारलं.

सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं.

"कुठली बाई, आई?" नवऱ्याने विचारलं.

"ही काय, त्या उजेडात बसलीय ती." त्यांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून लॅपटॉपकडे बोट केलं. "रडून आलीय कुठूनतरी. तोंड धुतलंय, पण डोळे सांगतायत. घरात काही झालंय का तिच्या?"

पाहुण्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या धुरकट डोळ्यांकडे. उठून तो त्यांच्या खुर्चीमागे गेला, वाकला, डोळे किलकिले करून बघत राहिला. बराच वेळ. परत येऊन बसला तेव्हा त्याने बाईंच्या नजरेला नजर दिली नाही.

"आजींना तुम्ही आधी सांगितलं असेल," तो म्हणाला.

"मला तीस वर्षांत सांगितलं नाही," नवरा म्हणाला, "आईला कुठलं सांगतेय."

ते त्याने गमतीत म्हटलं, पण गंमत पूर्ण नव्हती. बाईंना ते ऐकू गेलं आणि त्यांनी ते मनात ठेवलं.

पाहुणा लॅपटॉप मिटायला लागला. मोतीबिंदूच्या भरवशावर पुस्तकात काही लिहिता येत नाही, तो म्हणाला. जाड काचेचा टीव्ही आता मिळणार कुठे, आणि शुक्रवार तर परवावर आला. आवाजात मात्र मघाचा ठामपणा नव्हता. हा इथून जाऊन नक्की काय लिहील, बाईंना सांगता आलं नसतं. अशी माणसं दारात एक बोलतात आणि कोपऱ्यावर वळल्यावर दुसरं.

त्यांनी कोट पुन्हा मांडीवर घेतला, पण सुईला हात लावला नाही.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "चांगलं लिहा असं मी म्हणत नाही. माझं नाव घाला असंही नाही. बघून वाईट वाटलं तर खुशाल वाईट लिहा. फक्त छापायच्या आधी एकदा जाड काचेच्या टीव्हीवर लावून, चार हात लांब बसून तिच्याकडे बघा."